सात गुणांचं अंगण

शालनबाई भोईट्यांच्या अंगणाला शंभरपैकी सात गुण पडले आणि ही बातमी वडजाईच्या वेशीपर्यंत पोहोचायला पाऊण तासही लागला नाही.

ज्या अंगणाने नगरपंचायतीच्या ‘सुंदर अंगण’ स्पर्धेत लागोपाठ पंधरा वर्षं पहिला नंबर मारला, त्याला सात गुण म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. माणदेशाच्या कडेला, जिथे चैत्रात कुत्रंसुद्धा घराची सावली सोडत नाही, तिथे शालनबाईंनी मखमली हिरवळ राखली होती. दारात दोन बाटलीपाम, भिंतीलगत क्रोटनची रांग, मधोमध विलायती गुलाबांचा गोल. दर शनिवारी फवारणी. पानाला भोक दिसलं की त्यांना स्वतःच्या लुगड्याला भोक पडल्यासारखं वाटायचं. बैठकीच्या खोलीत स्पर्धेच्या पंधरा ढाली होत्या. पहिल्या काही ढालींचे खिळे त्यांच्या मालकांनी, एस.टी.तल्या मेकॅनिक धोंडीराम भोईट्यांनी ठोकले होते. ते गेल्यावर पुढचे शालनबाईंनी स्वतः ठोकले.

आणि शेजारच्या हणमंतराव पिसाळांना चौसष्ट!

हणमंतराव रिटायर्ड तलाठी. उभ्या जन्मात त्यांनी खुरपं हातात धरलं नव्हतं. अंगणात गुडघाभर कुसळी गवत, एक वेडीवाकडी बोर, एक हिवर आणि तारेवर चढलेला कसला कसला वेल. पिसाळांच्या अंगणात ससा शिरला तर परत यायचा नाही, असं आळीत म्हणायचे.

‘‘शालनवहिनी, पेढे कवा देताय?’’ कुंपणावरून हणमंतराव म्हणाले.

‘‘तुमीच द्या भावजी. आळशाला बक्षीस मिळालंय, गावजेवण घाला,’’ असं सुनावून शालनबाई तरातरा घरात गेल्या. घरात गेल्यावर मात्र त्या ढालींकडे न बघता स्वयंपाकघरात गेल्या.

गुण देणारी होती हुंगणी. कागदोपत्री तिचं नाव ‘वायुजनुकमापक’. पण वडजाईच्या जिभेला ते कसलं झेपतंय? डब्याएवढी पांढरी पेटी, पुढे बारीक जाळी, आत पंखा. २०४१च्या ज्येष्ठात ती प्रत्येक कुंपणावर बसली.

तिचं काम तसं सोपं होतं. कुठलाही जीव स्वस्थ राहत नाही. सारखा काहीतरी सांडत असतो. झाड पराग सांडतं, पानांवरची लव सांडतं. फुलपाखरू पंखांवरची भुकटी सांडतं, अळी विष्ठा टाकते, चिमणी पीस टाकते. या प्रत्येक कणात त्या त्या जिवाची जनुकं असतात, म्हणजे त्याचा जन्माचा दाखलाच. हुंगणी हवा ओढायची, कण जाळीवर पकडायची, त्यातले जनुकांचे तुकडे वाचायची आणि आपल्या संग्रहातल्या हजारो नोंदींशी ताडून बघायची. अंगणात कोण राहतं आणि कोण कोणाकडे जेवायला येतं, हे तिला दोन आठवड्यांत कळायचं.

खरी गोम त्या जेवणात होती. नुसतं झाड लावून हुंगणीचं समाधान होत नसे. झाड पन्नास किलोमीटरच्या आतलं, पिढ्यान्‌पिढ्या इथलं हवं आणि त्याच्याकडे इथली किडेपाखरं यायला हवीत. ज्या झाडाला कुणी खात नाही, त्याला ती झाडात धरत नव्हती. शालनबाईंच्या अंगणात खाणारं कुणी उरलंच नव्हतं. सात गुण पडले तेही न्हाणीमागच्या कोपऱ्यातल्या रानतुळशीच्या कृपेने.

नियम स्पष्ट होता. साठच्या वर गुण, तर घरपट्टी अर्धी आणि उन्हाळ्यात पाण्याची एक पाळी जास्त. हिरवळीला पाणी पाजण्याची ऐपत आता कुठल्याच तळ्याची राहिली नव्हती. चाळीसच्या खाली राहिलं, तर दसऱ्यानंतर नगरपंचायत यंत्र लावून अंगण हातभर खोल खरवडणार आणि स्वतःचा ‘देशी संच’ लावणार. बारा खड्डे, बारा रोपं, सगळ्यांना सारखी.

आणि या नियमाची अंगण निरीक्षक होती ऋतुजा. शालनबाईंची सून.

ऋतुजा वनस्पतिशास्त्र शिकलेली, साताऱ्यात वाढलेली. नवरा कच्छात पवनचक्क्यांवर, त्यामुळे घरात दोघीच. संध्याकाळी ती ऑफिसातून आली, तेव्हा शालनबाई भाकरी थापत होत्या. रोजच्यापेक्षा जरा जोरात.

‘‘ऋतू, तुझ्या यंत्राला सर्दी झालीया का गं?’’

‘‘नाही हो आई.’’

‘‘मग माझ्या गुलाबाचा वास कसा येईना त्याला?’’

‘‘गुलाबाचा येतो. पण त्या गुलाबाशी इथल्या एकाही मधमाशीची ओळख नाही. त्याचे गुण नसतात.’’

‘‘दोन गुण इकडं तिकडं केलं असतं तर काय बिघडलं असतं? घरचं म्हणून सांगतीया.’’

ऋतुजाने ताटं घेतली. ‘‘घरचं म्हणून तर करता येत नाही, आई. उद्या लोक म्हणतील, सासूला वाढवून दिले.’’

शालनबाईंना राग आला, पण तो त्यांनी पुढच्या भाकरीवर काढला. कारण हेच वाक्य त्यांनी स्वतः तीस वर्षं शाळेच्या पोषण आहाराच्या चुलीपाशी म्हटलं होतं. आपल्या पोराला कधी डाव जास्त वाढला नव्हता त्यांनी.

‘‘बरं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘न्हाय साठ मिळवले तर नावाची शालन न्हाय.’’

आषाढात त्यांनी हिरवळ उपटली. उपटताना डोळ्याला पदर लावला, तो घामासाठी असं त्यांचं म्हणणं. गुलाब बहिणीकडे गेले, पाम एका मंगल कार्यालयाने नेले. मग त्या साताऱ्याच्या मोठ्या नर्सरीत गेल्या आणि ‘देशी’ पाटीखालचं जे जे दिसलं ते टेम्पो भरून घेऊन आल्या. सीतेचा अशोक, सुरंगी, नागचाफा, बकुळ. पंधरा दिवसांनी हुंगणीने आकडा दाखवला, तेरा.

‘‘देशी न्हाईत व्हय ही?’’

‘‘देशी आहेत, पण कोकणातली. सुरंगीला आपला वारा सोसायचा नाही. माळावर माळाचंच लावायला हवं, आई.’’

‘‘माळावर काय असतंय? गवात!’’ शालनबाई तुच्छतेने म्हणाल्या आणि त्यांची नजर नकळत कुंपणापलीकडे गेली.

गर्व गिळायला त्यांना आठ दिवस लागले. नवव्या दिवशी डब्यात धपाटी घेऊन त्या पिसाळांच्या फाटकातून आत शिरल्या.

‘‘भावजी, ह्यातलं काय काय खरं आन् काय काय गाजरगवात, ते दाखवा.’’

हणमंतरावांनी धपाटं मोडलं. आळशी माणूस, पण तलाठी होता. त्याला सातबाऱ्यासारखं गवतही पाठ होतं. हा पवन्या, हा मारवेल, ही कुसळी, हा शेडा. त्यांनी बी दिलं, बोरीचे फुटवे दिले, हिवराच्या शेंगा दिल्या, तरवडाची रोपं दिली. ‘‘आता फवारणी बंद,’’ म्हणाले. ‘‘किडं येऊ द्या. तुमचं अंगण लई सोवळं हाय वहिनी.’’

श्रावणात शालनबाईंचा पंप माळ्यावर गेला. तरवडाच्या पानाला पहिलं भोक पडलं, तेव्हा त्या खाली वाकून बराच वेळ बघत राहिल्या. आत पिवळी अळी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी आळीतल्या चारचौघींना बोलावून ते भोक दाखवलं. ‘‘बघा, एका रात्रीत एवढं खाल्लंया,’’ असं नातवाच्या जेवणाचं कौतुक करावं तसं सांगितलं.

पण आकडा एकतीसवर अडला. भादवा लागला. दसरा महिन्यावर आला.

‘‘जागा कमी पडतेय, आई,’’ ऋतुजा म्हणाली. ‘‘न्हाणीमागचा कोपरा रानतुळस सोडली तर रिकामाच आहे. तिथे खणून बोर आणि मारवेल लावलं तर नऊ गुण सहज मिळतील.’’

‘‘त्यो कोपरा न्हाय.’’

‘‘अहो, पण—’’

‘‘तिथं घटाची माती हाय, ऋतू. तिथं कुदळ पडायची न्हाय.’’

घर बांधलं त्या वर्षीपासून नवरात्रात शालनबाईंचा घट त्यांच्या माहेरच्या मातीत बसे. त्यांची आई अनसूया दर वर्षी भावाच्या हाती तिथल्या लांडगेमाळावरची पाटीभर माती पाठवायची. पत्रावळीवर ती माती पसरायची, सात धान्यं पेरायची, वर घट ठेवायचा, नऊ दिवस पाणी घालायचं. दसऱ्याला कोंब देवाला आणि माणसांच्या टोपीत. आणि उरलेली माती न्हाणीमागे, जिथे कुणाचा पाय पडत नाही. पुढे लांडगेमाळ सौरपट्ट्यांखाली गेला. वीस हजार पट्ट्या. खाली खडी आणि तणनाशक. आईही गेली. तेव्हापासून शालनबाई माती इथल्याच शेतातली आणत, पण तिच्यात कोपऱ्यातल्या जुन्या मातीची एक मूठ मिसळत. दुधाला विरजण लावतात तशी.

‘‘मग दसऱ्यानंतर यंत्र येईल,’’ ऋतुजा हळूच म्हणाली. ‘‘ते कोपराबिपरा बघत नाही. सगळंच खरवडतं. आणि कागदावर सही माझीच असेल.’’

त्या रात्री कुणीच नीट जेवलं नाही.

दोन दिवसांनी ऋतुजा भर दुपारी ऑफिसातून पळतच घरी आली. तिच्या हातात फळी होती; हुंगण्यांचे आकडे त्या काचेच्या फळीवर उमटत.

‘‘आई, हे बघा. ही ओळ.’’

आकड्यांच्या खाली एक करडी ओळ होती. ‘अनोळखी.’ जे जनुकांचे तुकडे संग्रहातल्या कुठल्याच नोंदीशी जुळत नाहीत, ते हुंगणी त्या ओळीत टाकून मोकळी होई. बहुतेक वेळा तो कचरा असे. पण इथे ती ओळ दहा दिवसांत सहापट वाढली होती. आणि कचरा रोज बदलतो. हा रोज तोच होता.

‘‘काहीतरी फुललंय, आई. आपल्याच अंगणात. ते काय आहे, ते महाराष्ट्रातल्या एकाही हुंगणीला माहीत नाही.’’

दोघींनी अंगण पालथं घातलं. पवन्याखाली बघितलं, बोरीखाली बघितलं. हणमंतराव कुंपणाशी उभे राहून सूचना करत होते. शेवटी शालनबाई पाय धुवायला न्हाणीकडे गेल्या आणि तिथेच थांबल्या.

रानतुळशीच्या आडोशाने एक बोटभर वेल वर चढली होती. तिला तीन फुलं होती. खाली फुगीर, मध्ये नळी आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकींना जोडलेली. हिरवट अंगावर जांभळे ठिपके.

‘‘अगं बया,’’ शालनबाई वेलीपाशी उकिडव्या बसल्या. ‘‘दिवलाणी!’’

‘‘तुम्ही ओळखता?’’

‘‘शेरडं राखताना खायचो आमी. खाली कांद्याएवढा कंद असतोय. काकडीवानी लागतोय, मागनं शेंगदाण्यावानी. आई म्हणायची, एक खावा, दोन ठिवा.’’ त्यांनी फुलाला बोट लावलं नाही, नुसती ओंजळ धरली. ‘‘माळ गेला तवा वाटलं, ही बी गेली.’’

ऋतुजा गुडघ्यावर बसली. एका फुलाच्या पोटात चिलटासारखी माशी फिरत होती. त्या नळीत केस होते, सगळे खाली वळलेले. आत जायला वाट, बाहेर यायला नाही. फूल कोमेजलं की केस झडतात आणि माशी परागकण घेऊन सुटते.

‘‘म्हणून!’’ ती ओरडली. ‘‘कंद तुमच्या माहेरच्या मातीतून आला असणार, दरवर्षी पानंही येत असतील. पण तुम्ही फवारणी करायचात, माशी नव्हती, म्हणून शेंग धरत नव्हती. कसाबसा जीव धरून होता तो. या वर्षी पंप बंद झाला, फूल टिकलं, माशी आली, पराग उडाला.’’

‘‘काखेत कळसा आन् गावाला वळसा,’’ हणमंतराव म्हणाले. ‘‘सातारच्या नर्सरीत टेम्पो घेऊन गेल्या होत्या!’’

या खेपेला शालनबाईंना राग आला नाही.

नियमाप्रमाणे संग्रहात नसलेली वनस्पती म्हणजे पन्नास गुण. एकतीस आणि पन्नास, एक्याऐंशी. शालनबाईंनी तो आकडा दारावर खडूने लिहिला, चांगला वीतभर मोठा, पिसाळांच्या ओसरीवरून वाचता येईल असा. यंत्र येणार नव्हतं. कोपरा वाचला होता.

वाचला असं वाटलं. चार दिवसांनी वरून आदेश आला. दुर्मीळ वनस्पतीच्या जागेला जाळी मारावी, आत कुणी जाऊ नये, तिथली चिमूटभर मातीही कुणी उचलू नये.

‘‘चिमूटभर न्हाय?’’ शालनबाईंनी विचारलं. ‘‘मग माझा घट?’’

नियम ऋतुजाला चुकीचा वाटत नव्हता. उद्या कुणी कंद उकरून नेले तर? पण जाळीतला एकच कोपरा म्हणजे एक साळिंदर, एक पूर, एक मूर्ख माणूस एवढ्यावर सगळं आलं. ‘एक खावा, दोन ठिवा’ म्हणणारी ती न पाहिलेली म्हातारी तिच्या डोक्यातून जाईना. तिने आदेश पुन्हा पुन्हा वाचला. अकराव्या कलमात एक फट सापडली. सलग तीस वर्षांची वहिवाट सिद्ध झाली, तर ती वहिवाट चालू ठेवता येईल आणि रोप इतरत्र नेता येईल.

‘‘सिद्ध कशानं करायचं?’’ शालनबाई म्हणाल्या. ‘‘घट बसवल्याची पावती असती व्हय?’’

‘‘असते,’’ ऋतुजा म्हणाली.

तपासणीपुरता नमुना घ्यायची परवानगी निरीक्षकाला होती. तिने वेलीपासून दूर, कोपऱ्याच्या दुसऱ्या कडेला, हातभर लांबीची बोटाएवढी नळी मातीत हळूहळू दाबली. त्याआधी शालनबाईंनी तिथे हळदीकुंकू वाहिलं. नळी वर आली, तिच्यात मातीची कांडी होती. ऋतुजाने तिच्या पातळ चकत्या केल्या आणि एकेक चकती वाचकयंत्रात घातली. मातीतही जनुकं टिकतात, तुकड्यातुकड्यांनी का होईना. गहू, जोंधळा, सातू, हुलगा, मटकी, तीळ, करडई. मग उन्हाळ्यात उडालेल्या गाजरगवताच्या परागांचा पातळ थर. मग पुन्हा गहू, जोंधळा, सातू. एक नवरात्र, एक उन्हाळा. एक नवरात्र, एक उन्हाळा. दोघी ओट्यावर बसून मोजत होत्या.

‘‘आई, वरून बारावा थर रिकामा आहे. उन्हाळ्यावर उन्हाळा. मध्ये धान्यच नाही.’’ ऋतुजा कपाळाला आठ्या घालून म्हणाली. ‘‘म्हणजे दोन हजार एकोणतीस. त्या वर्षी काय झालं होतं?’’

शालनबाईंनी त्या चकतीकडे बघितलं. रुपयाएवढी काळी माती.

‘‘त्या वर्षी भादव्यात हे गेले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सुतक होतं. घट बसला न्हाय.’’

ऋतुजाने यंत्र बंद केलं आणि सासूचा हात हातात घेतला. माणसांना सांगितलेलं नव्हतं, ते मातीने जपून ठेवलं होतं. शालनबाई रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, ‘‘पुढं मोज.’’

खाली सगळे थर भरलेले होते. एकूण चौतीस नवरात्रं. ऋतुजाने अहवालात तो रिकामा थरही मांडला. ‘घरातील मृत्यूमुळे खंड, प्रथेनुसार’ असं लिहिलं. मुख्याधिकारी म्हणाले, खंड पडला म्हणजे सलग कसं? ऋतुजा म्हणाली, ‘‘साहेब, खंडच तर पुरावा आहे. खोटी वहिवाट दाखवणारा एकही वर्ष सोडत नाही.’’ साहेबांनी सही केली.

घटस्थापनेच्या सकाळी पिसाळ आळीतल्या अकरा घरच्या बायका हातात पत्रावळी घेऊन भोईट्यांच्या न्हाणीमागे रांगेत उभ्या होत्या. शालनबाई हिरव्या इरकलीत, नाकात नथ. प्रत्येकीच्या मातीत त्या एक मूठ घालत. मुठीत दिवलाणीच्या शेंगेतलं बी, ऋतुजाने मोजून दिलेलं. आणि प्रत्येकीला बजावत, ‘‘दसऱ्याला ही माती कोपऱ्यात ठिवायची. तुडवायची न्हाय, फवारायचं न्हाय. माझ्या माहेरची हाय.’’

रांगेत शेवटी हणमंतराव होते. त्यांच्या घरात बाई नव्हती.

‘‘भावजी, तुमाला जमंल का निगा राखाय?’’

‘‘निगा न राखण्यात आपला हात कोण धरणार, वहिनी?’’

पुढच्या भादव्यात बारा घरांपैकी सात घरांच्या हुंगण्यांवर तीच ओळ वर चढली. हणमंतरावांच्याही. ओळ आता करडी राहणार नव्हती. संग्रहात नोंद करायची होती आणि ती निरीक्षकानेच भरायची होती. ओसरीवर बसून ऋतुजा फळीवर लिहीत होती, शालनबाई शेजारी हुलगे निवडत होत्या.

‘‘स्थानिक नाव, दिवलाणी,’’ ऋतुजा म्हणाली. ‘‘माहिती देणार, शालन धोंडीराम भोईटे. मूळ ठिकाण... वडजाई, पिसाळ आळी.’’

‘‘न्हाय.’’ शालनबाईंचा हात सुपात थांबला. ‘‘लांडगेमाळ लिही.’’

‘‘अहो आई, पण लांडगेमाळ आता नाहीच ना. नकाशावर तिथे सौरप्रकल्प आहे. संग्रह विचारेल.’’

‘‘इचारू दे. माळ न्हाय म्हणून माहेर न्हाय व्हय गं?’’

ऋतुजाने सासूकडे बघितलं. मग लिहिलेलं पुसलं आणि नव्याने लिहिलं. फळी क्षणभर थांबली, जणू विचारात पडली, आणि तिने नोंद घेतली.

‘‘घेतलं, आई.’’

‘‘घेनारच,’’ शालनबाई म्हणाल्या आणि सूप पाखडायला लागल्या.